सट्टा, साठेखत आणि फितूर पंच

प्रश्न असा आलाय: "पैसे घेऊन चुकीचे निर्णय देणाऱ्या रेफरीला मराठीत नेमकं काय म्हणायचं? एका बातमीत 'सट्टेबाज पंच' वाचलं, ते बरोबर आहे का? आणि सट्टा आणि जुगार यात फरक काय?"

'सट्टेबाज पंच' बरोबर नाही, आणि गेली कित्येक वर्षं हे ऐकून माझं डोकं फिरतं. लाच खाल्ली तरी सट्टा, पैसे लावले तरी सट्टा, एलबीडब्ल्यू चुकीचा दिला तरी 'सट्टा लागला होता रे'. तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरला की कोणी काय केलं हेच कळत नाही.

जुगार म्हणजे काय हे सांगत बसत नाही, द्यूतकार या संस्कृत शब्दातून प्राकृतमार्गे आलेला शब्द आहे. पैज 'प्रतिज्ञा' मधून आली, प्रतिज्ञा, मग पइज्जा, मग पैज, म्हणून पैजेत शब्द देणं असतं, दोन माणसं समोरासमोर असतात, पैसे असतीलच असं नाही.

सट्टा मात्र बाजारातला शब्द आहे आणि माझा जीव या शब्दात अडकलाय. प्राकृतात 'सट्ट' म्हणजे अदलाबदल, विनिमय. त्याच घरातलं आपलं साटं. साटंलोटं म्हणतो ना आपण, तू माझं काम कर मी तुझं करतो, किंवा लग्नात साटंलोटं, म्हणजे याची बहीण त्याच्या घरी आणि त्याची बहीण याच्या घरी, तेच हे साटं. आणि फ्लॅट घेताना ज्याच्यावर सह्या करतो ते साठेखत! लोकांना वाटतं त्याचा काहीतरी साठ्याशी संबंध आहे, गोदामातल्या मालाशी. काही संबंध नाही, ते साटेखत आहे, सौद्याचा कागद, आजही दोन्ही स्पेलिंगं चालतात, ट चा ठ आपल्या डोळ्यासमोर झालेला आहे.

आता मुंबईचा सट्टा कुठे वाढला ते बघा. कापसाच्या बाजारात. कॉटन एक्स्चेंज, आणि एक्स्चेंज म्हणजे तरी काय, साटंच की. न्यूयॉर्कहून कापसाचे ओपनिंग-क्लोजिंगचे भाव तारेने यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे बंद झाले तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले आणि त्याला मटका नाव पडलं. कापूस गेला, शब्द राहिला. क्रिकेटच्या बुकीची भाषा ऐकलीत तरी ती बाजाराचीच आहे, भाव काय चाललाय, लगाया की खाया, म्हणजे एक लावतो आणि दुसरा तो सौदा खातो, दोन्ही बाजू असल्याशिवाय व्यवहारच होत नाही. म्हणून सट्ट्याला सौदा म्हणा, देवघेव म्हणा, पण चुकीच्या निर्णयाला सट्टा म्हणू नका.

आणि आता माझं खरं म्हणणं. आपला 'साठी' हा शब्द, 'तुझ्यासाठी', 'पैशासाठी' मधला, तोही याच साट्यातून आलाय असं माझं ठाम मत आहे. 'पैशासाठी केलं' म्हणजे मुळात 'पैशाच्या साट्यात केलं', मोबदल्यात केलं. अर्थ किती सरळ बसतो बघा, आणि ट-ठ ची अदलाबदल साठेखताने आधीच सिद्ध करून दिलीय. यावर कोशवाल्यांचा एक पंथ लगेच उठतो आणि म्हणतो की नाही, 'साठी' हा संस्कृत 'सार्थ' किंवा 'अर्थ' मधून आलाय. अहो, पण सार्थ मधून आपल्याला 'साथ' मिळालीय ना, सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्यातून सत्थ, त्यातून साथ, दंत्य थ, जीभ दातांना लावून म्हणायचा, अगदी शाबूत. चतुर्थ मधून चौथा झाला, चौठा झाला नाही. मग नेमकं साठीतच मूर्धन्य ठ, जीभ वर टाळूकडे वळवून म्हणायचा, कुठून आला? प्राकृतात अर्थचं 'अट्ठ' असं रूप होतं हे मला माहीत आहे, कोणी सांगायला येऊ नका, पण 'अट्ठ' च्या आधी 'स' चिकटवून, अर्थ थोडा वाकवून, एवढी कसरत करायची आणि शेजारी उभं असलेलं साटं बघायचंच नाही हा हट्ट आहे. संस्कृतात मूळ सापडलं की झालं समाधान, बाजारात वापरलेला प्राकृत शब्द यांना बाप म्हणून चालत नाही.

असो, पंचाकडे येतो. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला रेफरी टिम डॉनगी, १३ सीझन शिट्टी वाजवली, २००७ मध्ये प्रकरण बाहेर आलं, त्याच वर्षी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्याने काय केलं? ज्या मॅचेसमध्ये तो स्वतः रेफरी होता त्यांच्यावर पैसे लावले, आणि आतल्या टिपा पुरवल्या, टीप बरोबर आली की आधी २००० डॉलर, मग ५००० डॉलर. यातला पहिला भाग सट्टा, इथे तो शब्द शंभर टक्के योग्य आहे. दुसरा भाग म्हणजे खबर विकणं. आणि निर्णय मुद्दाम फिरवले असा आरोप कोर्टात त्याच्यावर ठेवलाच नव्हता, त्यामुळे त्याला 'मॅच फिक्स करणारा' म्हणणं हे पुराव्याच्या पुढे जाणं झालं.

याच्या उलट जर्मनीचा फुटबॉल रेफरी रॉबर्ट होयत्सर. २१ ऑगस्ट २००४, जर्मन कपची मॅच, खालच्या डिव्हिजनचं पाडरबोर्न आणि बुंडेसलीगा या सगळ्यात वरच्या लीगमधलं हँबुर्ग. हँबुर्ग २-० ने पुढे होतं, याने त्यांच्या एमिल एमपेंझाला रेड कार्ड दाखवलं, पाडरबोर्नला दोन संशयास्पद पेनल्टी दिल्या आणि पाडरबोर्न ४-२ ने जिंकलं. बर्लिनच्या एका कॅफेत बसणाऱ्या सट्टेवाल्यांनी त्याला गाठला होता. सगळे व्यवहार मिळून ६७,००० युरो आणि एक प्लाझ्मा टीव्ही. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये २ वर्षं ५ महिने शिक्षा झाली. इथे सट्टा दुसऱ्यांनी लावला, होयत्सरने इमान विकलं. याला सट्टेबाज म्हटलं की त्याचा गुन्हा उलट लहान होतो, कारण सट्टा तर रस्त्यावरचा कोणीही लावतो. ब्राझीलमध्ये त्याच २००५ साली एका रेफरीचं असंच प्रकरण निघालं, ११ मॅचेस रद्द करून पुन्हा खेळवाव्या लागल्या, तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं 'शिट्टीची माफिया'. काय नेमका शब्द आहे! शिट्टीवर बोट ठेवलंय.

आणि आपण काय केलं, तर 'सामनानिश्चिती' हा शब्द काढला. मराठीत 'सामना निश्चित झाला' म्हणजे तारीख आणि मैदान ठरलं. लग्न निश्चित होतं तसं. फिक्स या शब्दाचा डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलला आणि मराठी केल्याचं समाधान मानलं, त्यात लबाडीचा वासही येत नाही. 'निकालनिश्चिती' थोडा बरा, पण तोही कागदीच. त्यापेक्षा लोक 'सेटिंग' म्हणतात ते मला चालतं, निदान ऐकणाऱ्याला कळतं तरी.

मूळ प्रश्न एका शब्दाचा होता. तो शब्द आपल्याकडे केव्हाचा आहे: फितूर. अरबीत 'फुतूर' म्हणजे ढिलाई, जोर कमी पडणं, फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीने त्याला शत्रूला आतून मिळालेला माणूस हा अर्थ दिला. किल्लेदार फितूर होतो, कोर्टात साक्षीदार फितूर होतो. दोन्ही ठिकाणी माणूस राखणीला ठेवलेला किंवा खरं सांगायला उभा केलेला असतो, आणि पंच यापेक्षा वेगळा कुठे आहे? अंपायर हा इंग्रजी शब्दसुद्धा जुन्या फ्रेंच 'नॉनपेर' मधून आलाय, जोडीत न बसणारा, दोघांच्या बाहेरचा तिसरा, म्हणजे अक्षरशः आपला तिऱ्हाईत, त्याच्यातही 'तीन' आहेच. तो तिऱ्हाईत राहिला नाही की फितूर झाला. शिवाय फितूरला क्रियापदही आहे, फितवणे, जे 'निश्चिती' ला जन्मात मिळणार नाही.

तेव्हा होयत्सरबद्दल लिहायचं असेल तर 'सट्टेवाल्यांनी पंचाला फितवलं'. डॉनगीबद्दल 'रेफरीनेच आपल्या मॅचवर सट्टा लावला आणि आतली खबर विकली'. पाकिस्तानी अंपायर असद रौफवर बीसीसीआयने २०१६ मध्ये ५ वर्षांची बंदी घातली, बुकींकडून महागड्या भेटी घेतल्याचा ठपका होता, आरोप त्याने नाकारले होते. तिथे 'बुकींशी साटंलोटं केल्याचा ठपका' लिहा, शब्द अगदी जागच्या जागी बसतो. आणि नुसताच निर्णय चुकला असेल तर 'पंच चुकला' एवढंच लिहा.