पुण्यात बाल्कनीत ट्यूलिप लावून वसंत कधी आला ते नोंदवता येईल का?

तुम्ही विचारलंय की मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी ट्यूलिप लावून वसंताची तारीख पकडायचीये, पुण्यात जमेल का. फूल येईल हो, पण वसंत काही कळणार नाही त्यातून.

कारण सांगतो. ट्यूलिपच्या कंदाला नीट फुलायला साधारण 12 ते 16 आठवडे सलग थंडी लागते, 9 अंशांच्या आतबाहेर. आपल्याकडे शिवाजीनगरला एखाद्या पहाटे पारा 8-9 वर आला की पेपरात फोटोसकट बातमी येते आणि त्याच दिवशी दुपारी आपण पंखा लावून बसलेलो असतो. म्हणजे कंद फ्रीजमध्येच ठेवायला लागणार (कागदी पिशवीत, आणि जवळ सफरचंद-केळी नकोत, पिकत्या फळांतून इथिलीन सुटतो आणि आतली कळी वाया जाते. नाव लिहून ठेवा, अगदी कांद्यासारखे दिसतात, घरात कोणीतरी चिरायला घेईल). आता बघा, तुम्ही कंद डिसेंबरात बाहेर काढले की वसंत लवकर आणि जानेवारीत काढले की उशिरा! ही नोंद तुमच्या फ्रीजची झाली, पुण्याच्या हवेची नाही.

जिथे थंडी बाहेरच पडते तिथे मात्र ही आयडिया भारी चालते. अमेरिकेत जर्नी नॉर्थ म्हणून उपक्रम आहे, त्यात शाळेतली पोरं थंडीच्या आधी कंद पुरतात, कोंब मातीवर दिसला ती तारीख आणि फूल उमललं ती तारीख कळवतात, मग नकाशावर वसंत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकताना दिसतो. त्यातली खरी हुशारी म्हणजे सगळ्यांनी एकच जात लावायची, रेड एम्परर. कंदापासून वाढवलेली एका जातीची सगळी झाडं म्हणजे एकमेकांची कॉपीच, त्यामुळे तारखेत फरक पडला तर तो हवेचा किंवा जागेचा, झाडाचा नाही.

श्रीनगरच्या ट्यूलिप गार्डनच्या तारखा घेऊन ग्राफ काढायचा मोह होईल, 2023 ला 19 मार्च, 2024 ला 23 मार्च, 2025 ला 26 मार्च वगैरे. पण त्या गेट उघडल्याच्या तारखा आहेत. बाग कधी उघडायची ते माणसं ठरवतात आणि तिथे लवकर, मध्यम, उशिरा फुलणाऱ्या जाती मुद्दाम मिसळून लावतात म्हणजे सीझन लांबतो.

मग पुण्यात काय करायचं? झाड धरा, काटेसावर किंवा पळस. सावर जानेवारी-फेब्रुवारीत पानं टाकून लालभडक होते, पळस तिच्या जरा मागून, आणि यांना कोणी फ्रीजमध्ये ठेवत नाही. टेकडीवर जात असाल तर ग्लिरिसिडियाचा फिकट गुलाबी बहरही त्याच सुमारास दिसेल. फक्त आपली झाडं बहुतेक बियांपासून आलेली, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, त्यामुळे या वर्षी हे झाड आणि पुढच्या वर्षी रस्त्यापलीकडचं असं चालणार नाही, एकच झाड पकडायचं आणि तेच दर वर्षी बघायचं. शक्यतो सोसायटीतलं नको, तिथे माळी पाइप सोडून ठेवतो आणि सगळं गणित बिघडतं, कारण आपल्याकडच्या झाडांच्या फुलण्यात थंडीपेक्षा पानगळ आणि जमिनीतली ओल यांचा भाग मोठा असतो. गुलाबी टॅबेबुया दिसायला कितीही छान असला तरी टाळा, तो कधीकधी भलत्याच वेळी पुन्हा फुलतो.

“फुललं” कशाला म्हणायचं ते आधी ठरवून घ्या, नाहीतर बाप-लेकीत रोज वाद. जपानात चेरीसाठी एक ठरलेलं झाड असतं, त्यावर 5-6 फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर करतात. आपल्याकडे सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात आठवड्यातून एकदा आपल्या झाडाकडे बघून पानं, कळ्या, फुलं, फळं नाहीत की थोडी की भरपूर एवढंच नोंदवायचं, पोरांना सहज जमतं. फोटो दर वेळी एकाच जागेवरून काढा.

आणि प्रोजेक्ट फेब्रुवारीत द्यायचा असेल तर सावरच घ्या. बहावा सुंदर आहे मान्य, पण त्याची वाट बघत बसलात तर परीक्षा होऊन पोरगी मामाच्या गावाला पोचलेली असेल.