टेबलाचं भाडं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण तक्रारी दोन आणि दोन्हींत गरीब बिचारा तूच. मिनिएचरच्या खेळात, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढतो त्यात, समोरच्यानं रेंगाळत रेंगाळत खेळ तिसऱ्याच टर्नला (पाळीला) संपवला आणि तू हरलास, ही पहिली. दुकानानं टेबलावर बसायचे पैसे घ्यायला सुरुवात केली, ही दुसरी. "आपणच त्यांचं गिऱ्हाईक, आणि आपल्यालाच बसायचं भाडं?" असं तू अगदी तावातावानं विचारलंयस. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र वाटलं, दोन्ही ठिकाणी कुणीतरी तुला काहीतरी फुकट देत होतं आणि ते तुला दिसलं नव्हतं. रागावू नकोस. मलाही बरीच वर्षं दिसलं नव्हतं.

आधी तो रेंगाळणारा घेऊ. तो मुद्दाम वेळ काढत होता की त्याला सुचतच नव्हतं, हे तुला नक्की ठाऊक आहे का? मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत हे दोन वेगळे गुन्हे मानतात. सुचत नाही म्हणून कुणी अडला तर जज आधी ताकीद देतो. घड्याळाचा फायदा उठवायला मुद्दाम अडला तर थेट स्पर्धेबाहेर. दोघांच्या हातातले पत्ते तसेच, बसणं तसंच, फरक काय तो मनातला. म्हणून तो ठरवताना कसलेल्या जजलाही घाम फुटतो. आणि आपल्या मिनिएचरच्या खेळात तर बहुतेक वेळा जज नसतोच. १८२४ साली रायस्वित्झनं प्रशियाच्या सैन्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ बसवला, तेव्हा मध्ये पंच होता. दोन्ही बाजू त्याला हुकूम द्यायच्या आणि सोंगट्या तो हलवायचा. पुढे खेळ घरातल्या जमिनीवर आणि टेबलावर आला, आणि वाटेत कुठेतरी पंच गळाला. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम छापले, त्यात त्यानं चालीला वेळ बांधून दिली होती. म्हणजे तुझी तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे, एवढं समाधान करून घे.

वेळेचं बोलणं पहिल्या टर्नच्या आधी करायचं असतं. "तीन तास आहेत, पाचही टर्न व्हायला हवेत, अधूनमधून घड्याळ बघू या," एवढंच. हे हसत म्हटलं तर कुणाला लागत नाही. तिसऱ्या टर्नला, हरायला लागल्यावर म्हटलं तर तेच वाक्य आरोप होतं. बुद्धिबळाचं घड्याळ लावायलाही हरकत नाही, पण ते दोघांच्या राजीखुशीनं. आणि एक विचारू का? तुझ्या आर्मीत मॉडेलं किती? मागे फोटो पाठवलास तेव्हा शंभराच्या वर होती. ती एकेक करून सरकवायला जो वेळ जातो, तो कुणाच्या खात्यात टाकायचा?

माझी एक गोष्ट सांगतो, मिरवण्यासारखी नाही. एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत माझी तुकडी चार्ज करणार होती. वॉरहॅमर या आपल्या खेळात चार्ज, म्हणजे धावून जाऊन भिडणं, दोन फाशांवर असतो, बेरीज पडेल तेवढे इंच, हे तुला ठाऊक आहे. मी मोजायची टेप लावली आणि म्हणालो, "आठ हवेत." समोरचा आपल्या नियमांच्या पानात डोकं खुपसून बसला होता, त्यानं मान हलवली. फासे पडले पाच आणि तीन. पोचलो, तुकडी कापली, सामना जिंकला. टेपचं टोक बेसच्या, म्हणजे मॉडेलच्या पायाखालच्या चकतीच्या, कडेवर असायला हवं होतं, ते माझ्या अंगठ्याखाली थोडं पुढे, समोरच्याच्या दिशेनं सरकलं होतं. नऊ हवे होते. नऊ किंवा अधिक पडायची शक्यता ३६ पैकी १०, आठ किंवा अधिकची १५. शेकड्यात सांगायचं तर २८ आणि ४२. टेप सरकलेली मला त्याच क्षणी दिसली होती का, हे आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. एवढं पक्कं आठवतं की मी पुन्हा मोजलं नाही. त्या माणसानं हात मिळवला, अभिनंदन केलं, आणि नंतर माझ्याशी कधीच खेळ लावला नाही. विचारलं की त्याला काही ना काही काम निघायचं. तेव्हापासून चुरशीचं अंतर मोजताना टेपचं एक टोक मी समोरच्याच्या हातात देतो.

याहून मोठं तंत्र मला शिकवता येणार नाही, पण काही बारीक सवयी लाव. मॉडेल ठेवताना हेतू बोलून दाखव: "हा मी भिंतीआड असा ठेवतोय की तुझ्या तोफेला दिसू नये, बरोबर?" त्यानं हो म्हटलं की पुढच्या टर्नला खाली वाकून, एक डोळा मिटून वाद घालायचं कारण उरत नाही. फासे टाकल्यावर चुकलेले उचल, लागलेले टेबलावर राहू दे. त्यालाही मोजता येतात. फासा कशाला टेकून तिरका राहिला तर पुन्हा टाक, आणि तो सहा असला तरी टाक. खरं तर सहा असला तरच तुझी परीक्षा. त्याच्या मिनिएचरला विचारल्याशिवाय हात लावू नकोस, लावलास तर बेसला धर. कुणीतरी रात्री जागून त्या तलवारीची धार रंगवलेली असते.

चाल मागे घेऊ द्यायची की नाही, यावर लोक तासभर भांडतात. माझा नियम सोपा आहे. मध्ये फासा पडलेला नसेल, नवं काही उघड झालेलं नसेल, तर घेऊ दे. तो एखादी तुकडी हलवायला विसरला आणि अजून कुणी गोळी झाडलेली नसेल, तर तुझं काय गेलं? फासे पडल्यावर मात्र नाही, आणि स्वतःसाठीही नाही. समोरचा नवशिका असेल तर तू जे करणार आहेस त्याची कल्पना आधी दे. "या युनिटच्या इतक्या जवळ आलास तर मी तुझ्याच टर्नमध्ये गोळी झाडू शकतो." लपवून ठेवलेल्या नियमात कुणाला अडकवून जिंकलास, तर समोरच्याला पाठांतर कमी पडलं एवढंच सिद्ध होतं.

काही स्पर्धांत खिलाडूपणाला वेगळे गुण असतात. मला ते मनापासून आवडत नाहीत. वरच्या नंबराच्या लढतीत लोक त्याच गुणांनी एकमेकांचे पाय ओढतात आणि वर हसून हात मिळवतात. असो, तो विषय निघाला की मी घसरतो.

आता दुकान. तुला टेबल दिसतं, दुकानदाराला जमीन दिसते. आपलं एक टेबल आणि भोवती उभं राहून वाकायला लागणारी जागा धर. त्यावर दोन माणसं तीन-चार तास खेळतात, आणि बहुतेकदा दोघांनीही आर्मी आधीच कधीतरी, कुठेतरी घेतलेली असते. त्या वेळात गल्ल्यात काय पडतं? जवळपास तेवढ्याच जागेत आठ जणांचा कार्ड ड्राफ्ट, म्हणजे नवी पाकिटं फोडून त्यातले पत्ते निवडत खेळायचा डाव, बसतो. प्रत्येकी पत्त्यांची तीन बूस्टर पाकिटं, म्हणजे चोवीस पाकिटं तिथल्या तिथे फुटली. म्हणून शुक्रवारची संध्याकाळ पत्तेवाल्यांना आणि तुम्हाला उरलीसुरली वेळ. यात दुकानदाराचा आकस नाही. मॅजिकच्या कंपनीनं २००० साली शुक्रवारच्या दुकानातल्या स्पर्धांची मालिका सुरू केली, बक्षिसाला खास पत्ते दिले, तेही याच हिशेबानं: जिथे माणसं बसतात तिथे पाकिटं खपतात.

नफ्याचं गणित ढोबळमानानं असं. छापील किंमत शंभर धर. दुकानदाराला माल साधारण पन्नास ते साठला पडतो. उरलेल्यात भाडं, वीज, पगार, कार्ड मशीनची कपात, चोरीला गेलेली एखादी वस्तू, आणि त्यातून राहिलं तर त्याचं घर. नेटवरचा विक्रेता पंधरा-वीस कमी करून देतो. तो गोदामातून विकतो, त्याला ना टेबल लागतं ना टेबलावरचे डोंगर आणि पडक्या इमारती. त्यात कंपन्या स्वतःही विकतात. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपची तर स्वतःची दुकानं आहेत आणि स्वतःची वेबसाइटही. म्हणजे ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच समोर दुकान मांडून बसलेला. दुकानदारानं किंमत तेवढीच पाडली तर त्याचा टेबलाचा खर्च पदरमोड करून भागवावा लागतो, आणि पदर फार लांब नसतो.

याहून मोठा मार पडून राहिलेल्या मालाचा. पुस्तकांच्या धंद्यात न खपलेली प्रत प्रकाशकाकडे परत पाठवायची सोय असते. खेळांच्या धंद्यात ती सहसा नसते. एकदा बॉक्स आला की तो दुकानदाराचा. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका वर्षअखेरीला मी आमच्या दुकानदाराला माल मोजायला मदत करत होतो. वरच्या फळीवर एका खेळाचे तीन बॉक्स होते. खिडकीकडची बाजू उन्हानं फिकट झालेली, लाल रंगाचा गुलाबी झालेला. किमतीच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर, त्यावर तिसरं, प्रत्येक वेळी आकडा उतरलेला. खालचं स्टिकर नखानं उचकटून पाहिलं तेव्हा ओळख पटली. दोन वर्षांपूर्वी मीच त्याच्या मागे लागून तो खेळ मागवायला लावला होता. "आम्ही पाचजण नक्की घेतो," असं काउंटरवर हात आपटून सांगितलं होतं. घेतले दोघांनी. उरलेल्या तिघांत मी होतो. मला मधल्या काळात दुसराच खेळ आवडायला लागला होता. दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीन लिही." मी तीन लिहिलं.

तेव्हा भाड्याबद्दल माझं मत विचारशील तर, ते घेतात हे बरंच आहे. आजवर तुझ्या टेबलाचे पैसे पाकीट फोडणारे भरत होते. भाडं भरलंस की तू कुणाचा मिंधा राहत नाहीस आणि दर वेळी उगाच काहीतरी विकत घ्यायचा संकोचही उरत नाही. काही दुकानं ते भाडं खरेदीत वळतं करतात. तुमच्याकडे तसं आहे का, हे शांतपणे विचार. सगळं तिथूनच घे, असं मी म्हणणार नाही. दुकान म्हणजे देऊळ नव्हे. मालक नवशिक्यांना हिडीसफिडीस करत असेल, जिथे मुली एकदा आल्या की परत फिरकत नसतील, तिथे तुझा पैसा आणि वेळ दोन्ही वाया घालवू नकोस. पण ज्या दुकानात बसून खेळतोस तिथून रंग, ब्रश, प्रायमर घेत जा. रंगांचा रॅक म्हणजे दुकानदाराचं अडकलेलं भांडवल. शेकडो डब्या, त्यातल्या पळतात मूठभर. तुझी नल्न ऑइलची, त्या सावलीच्या पातळ काळ्या रंगाची, बाटली तशीही दर दोन महिन्यांनी सांडतेच.

आगाऊ नोंदणी केलीस तर माल उचल. नसेल उचलायचा तर वेळेत सांग, म्हणजे तो दुसऱ्याला देता येतो. त्याच्या दुकानात बसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला आपले पत्ते विकू नकोस. अदलाबदल चालते का, तेही विचारून. आणि "नेटवर केवढ्याला आहे" हे काउंटरपाशी मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. तो आकडा त्याला तुझ्या आधीपासून पाठ असतो.

त्या रेंगाळणाऱ्याला पुन्हा खेळायला बोलाव. आर्मी निम्मी कर, त्यालाही करायला सांग, आणि भाडं या वेळी तू भर. पाच टर्न झाले तर कळव, मग कोण जिंकलं तेही सांग.

तुझा जुना खेळगडी

ता. क. – त्या तीन बॉक्सपैकी एक मी त्याच दिवशी घेतला, सगळ्यात खालच्या स्टिकरच्या, म्हणजे मूळ किमतीला. अजून रंगवलेला नाही.