चॅटजीपीटी उत्तरं द्यायला नको, तोंडी परीक्षा घ्यायला लाव

हे बघ, धडा टाकून नुसत्या नोट्स काढून घेतल्यास तर वाचून बरं वाटेल पण पेपरात काय आठवणार नाही. उलटं कर. फिजिक्समधल्या रोटेशनल डायनॅमिक्स धड्याचं एक पान फोटो काढून टाक आणि सांग, मी बारावीला आहे, स्टेट बोर्ड, यावर एकेक प्रश्न विचार, मी उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊ नको, चुकलो तर आधी हिंट दे. हे शेवटचं लिहायला विसरू नको, नायतर लगेच सगळं सोडवून मोकळं होतंय ते.

आणि इतिहासात जपून बाबा. ते पुढचा शब्द कुठला येईल याच्या अंदाजावर लिहितं, त्यामुळं चुकीचं पण एकदम ठासून सांगतं. आपल्या सोलापूरचंच विचारून बघ, मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा 1930 चा, चार हुतात्म्यांना फाशी 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात. नावं, तारखा पुस्तकाशी ताडून बघ, जिथं घोळ दिसेल तिथं पुस्तकच खरं धर. गणितात पण स्टेप्स वहीत स्वतः कर, मग त्याला फक्त चूक कुठंय ते विचार. मराठीतनं विचारलं तरी चालतंय, इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको.