शैलाकाकूंची बाहुल्यांची वही

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. "ताई, माझी आई ग्वाल्हेरला एकटी असते. बहात्तर वर्षांची आहे. घरात बाहुल्याच बाहुल्या झाल्यात. दिवाळीपासून सारखी पार्सलं येतायत. हे नॉर्मल आहे का? दादा म्हणतो, सगळं काढून टाकू आणि तिला बेंगळुरूला नेऊ."

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला दर थंडीत एकदा तरी येतो. बाहुल्यांच्या जागी कधी वडिलांची बंद पडलेली घड्याळं असतात, कधी सासूबाईंचे रिकामे डबे. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि थोडी लाजही, शेजारी काय म्हणतील याची.

या मायलेकींना मी शैलाकाकू आणि मृणाल म्हणेन. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत. काकूंनी लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर: "माझं नाव बदल, बाहुल्यांची बदलू नकोस."

काकू पहिल्यांदा आल्या त्या दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून. शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. वृद्धांसाठी आम्ही वापरतो ती पंधरा प्रश्नांची नैराश्याची चाचणी घेतली, गुण सहा आले. पाचाच्या वर गेलं की आम्ही जरा सावध होतो. मी कागदावर 'एकटेपणा, थंडी, खरेदीतून दिलासा' असं लिहिलं आणि खरेदीवर आठवड्याची मर्यादा सुचवली. काकू 'बरं' म्हणाल्या. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बाई म्हणतात, तसं 'बरं'.

पुढच्या आठवड्यात पार्सलं वाढली, असं मृणालनं कळवलं. तेव्हा मी घरी गेले. हे आधीच करायला हवं होतं.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये पडली, तिचंच पुढे ग्वाल्हेरातलं लष्कर हा भाग झाला. त्या लष्करातल्या एका बोळातलं हे घर: दगडी भिंती, वर पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरश्यांचं छत, मधे चौक. अशी घरं बांधली ती मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांसाठी. उन्हाळ्यात तिथे बसलं की उठवत नाही. पण जानेवारीत रात्रीचा पारा चार-पाचवर आला की तेच घर विहीर होतं. डिसेंबरअखेर आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या चाळीसेक अंशच वर येतो, त्यामुळे दुमजली घराच्या चौकात खालपर्यंत ऊन पोचतच नाही. काकू राहायच्या तळमजल्यावर. गुडघ्यांमुळे वर जाणं बंद, वरचं बिऱ्हाडही सोडून गेलेलं. दिवाळीनंतर त्यांनी एकेक खोली बंद करत आणली होती. त्या, पलंग, टीव्ही आणि बाहुल्या, सगळं एका खोलीत. पलंगाखाली कोळशाची शेगडी.

"रात्री पेटवता?"

"मग काय! दार लावून घेतलं की तासाभरात ऊब येते."

बाहुल्यांचं पुढचं बोलणं मी तिथेच थांबवलं. बंद खोलीतल्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याचा वास येतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. आपल्या भागात अशी बातमी आली नाही असा हिवाळा विरळाच. त्यात खोलीभर कापूस आणि चिंध्या. शेगडी त्याच दिवशी चौकात गेली. वायरिंग तपासून घेऊन तेलाचा हीटर आणला. तुमचेही आईवडील जुन्या घरात असतील, तर बाहुल्या मोजण्याआधी हे विचारा.

मग बाहुल्या पाहिल्या. इथे माझा पहिला कागद फाडावा लागला.

भिंतीला लागून तीन कपाटं, काचेची. एकात विकत घेतलेल्या: सावंतवाडीची लाकडी ठकी, कोंडापल्लीचा गवळी, तंजावरची मान डोलवणारी नर्तकी, झाबुआची भिल्ल जोडी. ("त्या परमार नवराबायकोला २०२३ ला पद्मश्री मिळाली, माहितीये का? बाहुल्यांसाठी!" हे सांगताना काकू पहिल्यांदा ताठ बसल्या.) एक बत्तोबाई या बाहुल्या करणाऱ्या बाईंच्या घडणीची कापडी बाहुली, ग्वाल्हेरचीच. मेळ्यातून आणलेल्या तर कितीतरी. १९०५ पासून भरणाऱ्या आपल्या ग्वाल्हेर मेळ्यात काकू लग्नानंतर दरवर्षी जात आणि दरवर्षी एक बाहुली आणत. दुसऱ्या दोन कपाटांत स्वतः केलेल्या: नऊवारीतली ठमाबाई, छडी धरलेली मास्तरीण, कल्हईवाला, शेंगदाणेवाला. खरी शिवण घातलेले परकर, इवल्याशा नथीत खरे मोती.

आणि एक जाड वही. प्रत्येक बाहुलीचा क्रमांक, नाव, साल, कुठून आणली किंवा कशापासून केली, किंमत, शेरा. १९७९ पासून.

वस्तूंचा साठा करत राहण्याच्या आजाराला मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. त्यात घर वापरता येईनासं होतं: पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर रांधता येत नाही. वस्तूला क्रम नसतो, आणि कुठलीही टाकायची म्हटली की जीव कासावीस होतो, मग ती मौल्यवान असो वा फाटकी पिशवी. ज्या बाईकडे चव्वेचाळीस वर्षांची क्रमवार वही आहे, ती संग्राहक. मृणालला हे ऐकून इतकं हलकं वाटलं, की फोनवरच रडू फुटलं तिला.

पण वही पुढे चाळत गेले आणि हायसं वाटेना. शेवटची नोंद दिवाळीच्या आधीची. त्यानंतर आलेली पार्सलं वहीत नव्हतीच. ती दाराशी रचून ठेवली होती, एकोणीस, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. विकत घ्यायचं आणि उघडायचंही नाही, हे या वहीवाल्या बाईचं वागणं नव्हे.

मी पानं उलटी चाळली. दोन वर्षांपूर्वीचं अक्षर मोत्यासारखं, दोन रेघांत बसवलेलं. वर्षभरापूर्वीचं जरा मोठं. शेवटच्या पानावर अक्षरं रेघ सोडून खाली घसरलेली, 'ठ' चा गोल उघडाच राहिलेला. मग कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीकडे लक्ष गेलं. अकरा बाहुल्या. साड्या नेसवून, केस ओवून तयार, चेहरे मात्र कोरे.

"यांचे डोळे?"

"डोळे मी शेवटी भरते. करीन, थंडी सरली की. बोटं वळत नाहीत गं."

"काकू, या सुईत दोरा ओवून दाखवता?"

त्यांनी सुई घेतली, खाली ठेवली, आणि मग शालीचं टोक उलगडत बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मृणालला सांगू नकोस. आंधळी झाले म्हणून उद्याच घेऊन जातील."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ठाऊकही होता, 'पिकू दे' म्हणून थांबल्या होत्या. हा समज अजून घरोघरी आहे. पूर्वी पिकण्याची वाट बघत हे खरं, आता तसं करावं लागत नाही. कामात अडचण यायला लागली की शस्त्रक्रिया करता येते, आणि त्यासाठी हिवाळाच लागतो असंही नाही.

खरेदीचं कोडं त्याच दुपारी सुटलं. हातांनी करता येत नव्हतं म्हणून त्या विकत घेत होत्या. मोबाइलवर चित्र दोन बोटांनी मोठं करता येतं, सुईचं नाक नाही येत. पार्सल आलं की उघडायची भीती, कारण वहीत लिहायला लागेल. एक गोष्ट मात्र त्यांनी आपण होऊन सांगितली नाही, मला खोदून काढावी लागली. दिवाळीच्या साफसफाईत मुलानं, अनिकेतनं, माळ्यावरची दोन खोकी न विचारता भंगारवाल्याला दिली होती. त्यात जुन्या बाहुल्या होत्या. काकू त्याला एक शब्द बोलल्या नव्हत्या. पहिलं पार्सल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचं.

मी घरच्यांना एवढंच कडक सांगते: मागल्या दारानं काही टाकू नका. खरा आजार असो वा नसो, न सांगता वस्तू गेल्या की माणूस उरलेल्या आणखी घट्ट धरतो आणि नव्या आणतो. काकूंनी दोन्ही केलं.

काकूंना मात्र मी डॉक्टरांकडेही पाठवलं. उतारवयात अचानक खरेदी सुटली तर सगळं मनावर ढकलून चालत नाही. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत असं होतं, कंपवाताच्या काही औषधांनीही होतं. थायरॉईड आणि बी-१२ बघावंच लागतं. काकूंचं बी-१२ कमी निघालं, बाकी स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांनी डॉक्टरांना मागे टाकलं. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक मोठ्या आकड्यांत लिहून फोनशेजारी लावला. तो मोफत आहे.

बाकीची योजना फार साधी. वरच्या मजल्यावरची दक्षिणेकडची खोली उघडली, जिन्याला दुसरा कठडा लावला. दहा ते बारा काकूंनी तिथे नाहीतर गच्चीवर बसायचं, सोबत गजक आणि शेंगदाणे. धुकं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कैक पटींनी जास्त असतो, आणि हिवाळ्यात मरगळणाऱ्या मनाला सकाळचा उजेड लागतो. बोटं उघडी राहतील असे हातमोजे. डोळे भरायचे नाहीत तोवर मोठी कामं: कापूस पिंजणं, अंग भरणं. शेजारची नववीतली मुलगी दोरे ओवून द्यायला यायची, वीस सुया एकदम, उशीत खोचून. रोज एक पार्सल तिच्यासमोर उघडायचं आणि वहीत तिनं लिहायचं, काकूंनी सांगायचं. खरेदीवर या वेळी मी कुठलीच मर्यादा घातली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती आपोआप आठवड्याला दोन पार्सलांवर आली. शून्यावर आली नाही, आणि मेळा भरलेला असताना ती येईल असं मला वाटलंही नव्हतं.

बेंगळुरूचा विषय मात्र सुटलेला नाही. पुढची थंडी तिकडे काढायची की इथेच, यावर घरात अजून वाद आहेत, आणि अनिकेतचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. जिना आहे, गुडघे आहेत, रात्र आहे.

पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. पंधरा दिवसांनी काकूंचा फोन: "अगं, मास्तरणीचं लुगडं मी तपकिरी समजत होते, ते जांभळं आहे! आणि तिला काठ कसला लावलाय मी, शी." पिकत चाललेला मोतीबिंदू निळ्या-जांभळ्या छटा आधी खातो. तो काठ त्यांनी उसवून काढला.

होळीला अनिकेत आला. माझ्या सांगण्यावरून नाही, काकूंनीच त्याला वही घेऊन समोर बसवलं. भंगारात गेलेल्या बाहुल्यांपुढे शेरा लिहायचा होता. बावीस क्रमांक निघाले. एकविसांपुढे काकूंनी स्वतःच्या हातानं, रेघेवर, 'गेली' असं लिहिलं. क्रमांक सदतीसवर अडल्या. नुसतं 'खलाशी, १९८६' होतं, बाकी काही आठवेना.

"त्याचा डावा हात मी तोडला होता," अनिकेत म्हणाला. "तू काडेपेटीच्या काडीचा लावून दिलास."

काकूंनी तेही लिहून घेतलं.