अपघातात पाय गेल्यावर जगायचं कारण आणि बळ कुठून आणायचं?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, वय 34, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण 'हिंमत ठेव' सांगून जातो. कुठून आणायची ते मात्र कोणी सांगत नाही.

माझा उजवा गेला. 2017 च्या पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडला बाइक खड्ड्यात आदळली आणि मागून ट्रेलर. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होतो. त्यांनी चार महिने वाट पाहिली, मग हिशोब हातात दिला.

सध्या आयुष्याचं ध्येय वगैरे शोधत बसू नका. मला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट निदान वीस जणांनी ऐकवली. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. माणूस थोरच. पण तेव्हा मला पलंगापासून संडासापर्यंत जाता येत नव्हतं, त्यांचं नाव निघालं की मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

आधी शरीराचं बघा. रात्री झोपेत पाय आहे असं समजून उठलात की पडाल. मी दोनदा पडलो, एकदा टाके उसवले. वॉकर पलंगाला चिकटवून आडवा ठेवा, उठताना हात आधी त्याच्यावर पडतो. गुडघ्याखाली उशी घेऊ नका; बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे कृत्रिम पायावर चालणं अवघड होतं.

नसलेल्या अंगठ्याला खाज येते ना? वेड लागलेलं नाही तुम्हाला, मेंदूच्या लेखी पाय अजून तिथेच आहे. दोन पायांमध्ये आरसा उभा धरून चांगला पाय हळूहळू हलवायचा, प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात काढलेली ही युक्ती. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, मला आला. बायकोने कपाटाचा आरसा काढून धरला होता. पहिल्या दिवशी दोघंही हसलो, मग ती आत जाऊन रडली.

कागदपत्रं लवकर करा. यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राला, अर्ज टाका. बहुतेक सवलतींना 40 टक्के अपंगत्व लागतं, गुडघ्याखालच्या पायाला तेवढं मिळतं. नोकरी सरकारी असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 वाचा: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, जमेल अशा पदावर त्याच पगारात घ्यावं लागतं. कृत्रिम पायासाठी हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. ठाण्याहून दादर, तिथून महालक्ष्मी. लोकलच्या अपंगांच्या डब्यात धडधाकट माणसं बसलेली दिसतील. कार्ड दाखवा आणि भांडा, लाजू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. सहाव्या महिन्यात शेजारच्या काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन आल्या. "बसल्या बसल्या बघ रे जरा." त्या 'बसल्या बसल्या'चा इतका राग आला! पण खोलला. कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, झिजला होता. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. आधी कुणीतरी भलतीकडे पिळून तो पार जाम करून ठेवला होता. कार्बन ब्रशही संपलेले. पोराला पाठवून सामान आणवलं. तासभर पायाची आठवणच झाली नाही.

चार दिवसांनी काकू परत दारात. "अरे आवाज येतोय, असं कसं काम केलंस?" सहा महिन्यांत माझ्यावर कुणी चिडलंच नव्हतं, सगळे हळू आवाजात बोलायचे. त्या दिवशी मी नीट जेवलो. मग सगळ्या बिल्डिंगचे मिक्सर, इस्त्र्या आल्या. आज नौपाड्यात टपरीएवढी जागा आहे. कमाई कारखान्यापेक्षा कमी, आणि संध्याकाळी स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बारीक होऊन सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची तो बसतो ती वाटी, ढिली पडते, म्हणून गल्ल्यात जादा मोजा ठेवतो.

वाईट दिवस अजून येतात, पावसाळ्यात जास्त. रात्री नको ते विचार आले तर 14416 ला फोन लावा. ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलतात.

तुम्ही काम काय करायचात ते लिहिलंच नाहीत. हाताला काय येतं, तेवढं कळवा.