राऊटर तीनदा बदलला, अडॅप्टर मात्र तोच

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. खाली टॉवेलचे माग, माडीवर आम्ही. वर्षभरापूर्वी फायबरचं कनेक्शन घेतलं. दिवसातून तीन-चार वेळा नेट जातं आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं. मी घरून हिशेबाचं काम करते, नेमकं मीटिंगमध्ये बोलत असताना तुटतं. कंपनीचा मुलगा तीनदा आला, तिन्ही वेळा राऊटर बदलून गेला. "मॅडम, लाइन ओके आहे," एवढंच म्हणतो. प्लॅन वाढवू, की कंपनीच बदलू?

उत्तर : ताई, दोन्ही नको. तुमचं पत्र आलं तेव्हा मी उलट टपाली एकच काम सांगितलं होतं : राऊटरशेजारी वही ठेवा, नेट गेलं की वेळ लिहा आणि त्या क्षणी दिवे कसे होते ते लिहा. "नेट सारखं जातंय" हे ऐकून माझे कान किटलेत. "सारखं" ही वेळ कुठल्याच घड्याळात नसते.

तुम्ही आठवड्याचं पान पाठवलंत आणि अर्धं काम तिथंच झालं. सकाळी 8:04. दुपारी 1:36. रात्री 8:07. दुसऱ्या दिवशी 8:05, 1:33, 8:06. एक नोंद सोडली तर सगळ्या या तीन वेळांच्या आसपासच्या. दिव्यांच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच : "सगळे विझले, मग एकेक लागले." आणि मागांना सुट्टी होती त्या दिवशी पान कोरं! पाळी बदलते तेव्हा आणि जेवणानंतर माग पुन्हा सुरू होतात तेव्हा तुमचं नेट जातं. फायबरला बिचारीला तुमच्या पाळीचं वेळापत्रक कुठून ठाऊक असणार?

घडतं ते असं. मागाची मोटर चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. आठ-दहा माग पाठोपाठ सुरू झाले की घरचा दाब क्षणभर खाली येतो. ट्यूब लुकलुकते ना तेव्हा? तेच. आता राऊटरच्या अडॅप्टरवर बघा, 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल. म्हणजे चांगला अडॅप्टर असला धक्का सहज पचवतो. तुमचा पचवत नाही. राऊटर क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा उठून कंपनीच्या यंत्राशी बोलणं सुरू करायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. धक्का डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा, पण तुमची मीटिंग गेली.

म्हणून मी विचारलं, तीनदा राऊटर बदलला तेव्हा अडॅप्टरही बदलला का? तुम्ही लिहिलंत, "नाही, तो कपाटामागच्या सॉकेटमध्ये अडकलाय, ते कपाट कोण हलवणार म्हणून तोच ठेवला." सापडला चोर.

यात मीही एकदा फसलोय. एके काळी मी गच्चीगच्चीवरून केबल टीव्हीची वायर ओढायचो, नंतर इंटरनेटच्या कामात आलो. सुरुवातीला अशाच एका घरी अडॅप्टर काढून मीटर लावला, 12 व्होल्ट बरोबर. "अडॅप्टर चांगलाय," म्हणून छातीठोकपणे सांगून आलो. चार दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन. या वेळी अडॅप्टर राऊटरला जोडलेला ठेवूनच मोजला, तर काटा साडेनऊवर डुलत होता. मोकळा असताना पैलवान, ओझं आलं की लटपट. घरी आणून फोडला. आत बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर होता, त्याचं डोकं फुगलेलं आणि बुडाशी तपकिरी चिकट डाग. धक्क्याच्या क्षणी राऊटरला वीज पुरवायची ती याच्यातल्या साठ्यातून. तो सुकला की साठा संपला. कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर, असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात वर पत्रा, त्यात कपाटामागची कोंडलेली जागा. बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात कमाल तापमान 40 अंश दिलेलं असतं. सोलापूरचा उन्हाळा हे पत्रक वाचून येत नाही.

तर कपाट हलवा. जुन्या अडॅप्टरवर जितके व्होल्ट लिहिलेत तितक्याच व्होल्टचा नवा घ्या, 12 च्या जागी 9 चा किंवा 9 च्या जागी 12 चा अजिबात नको. अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात. पिनची जाडी जुळवून बघा. त्याबरोबर राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, तोही बसवा. माग काही तुम्ही बंद करणार नाही आणि करूही नका. राऊटर खाली मागांच्या खोलीत असेल, तर जिन्याच्या वर न्या, सुताची धूळ त्याच्या जाळीत बसली की तो आणखी तापतो.

बाकी वाचकांसाठी, दिव्यांची भाषा थोडक्यात. सगळे विझून पुन्हा लागले, तर घोटाळा विजेचा. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. फायबर तुटलीय, पार दुमडलीय किंवा निसटलीय. सगळे दिवे शहाण्यासारखे हिरवे आणि तरी मोबाइलवर चक्र फिरतंय, तर ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका, बऱ्याचदा तो 192.168.1.1 असतो, खोक्याखालच्या लेबलवर सापडेल. ते पान झटकन उघडलं तर तुमचं वायफाय ठीक, घोटाळा पुढं कंपनीकडं. तेही रखडलं तर कंपनीला शिव्या घालू नका, घरातलं बघा.

प्रश्न : जुळे सोलापुरात राहतो. प्लॅन 200 एमबीपीएस वेगाचा, पण मागच्या खोलीत मोबाइलवर जेमतेम 20 येतो. लॅपटॉपला वायर लावली तर 94, त्याच्यावर जातच नाही. फसवतात का हो?

उत्तर : दादा, ही दोन वेगळी दुखणी आहेत. मागच्या खोलीचं कारण भिंती. वायफायचे दोन पट्टे असतात. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण दोन भिंतींत त्याचा दम जातो. 2.4 चा लांब पोचतो, पण तिथं सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी. राऊटर टीव्हीच्या शोकेसमधून काढून घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. शोभा थोडी जाईल.

94 चा आकडा मात्र मला फार आवडला, कारण तो खोटं बोलत नाही. 94-95 वर अडकला म्हणजे कुठंतरी 100 ची मर्यादा लागलीय. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. 100 ला चार पुरतात, त्याच्या वर जायला आठही लागतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्ही टोकं मुकाट्यानं 100 वर तडजोड करतात. आधी वायर बदलून बघा. तरी तेच आलं, तर राऊटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच 100 चं असेल. राऊटरचं निघालं तर कंपनीकडून दुसरा मागा. 200 च्या प्लॅनला 100 च्या पोर्टचा राऊटर देणं बरोबर नाही. तक्रार केलीत की तक्रार क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं आणि तिथं हा क्रमांक लागतो.

प्रश्न : आमचं घर नंदीध्वजांच्या मार्गावर. दरवर्षी संक्रांतीच्या तोंडावर नेट रडायला लागतं, ते पुढं महिनाभर. यंदा आधीच काही करता येईल का?

उत्तर : येईल. सिद्धेश्वरांच्या यात्रेत भोगीला 68 लिंगांच्या तैलाभिषेकासाठी नंदीध्वज निघतात. एवढी उंच काठी जायची म्हणजे रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या वायरी वर घ्याव्याच लागतात. ते रास्तच आहे. पण घाईत फायबर खिळ्याला करकचून बांधली जाते, कोपऱ्यावर दुमडते, आणि दुमडली की आतला प्रकाश तिथूनच बाहेर गळतो. तुटत नाही म्हणून दिवा लाल होत नाही, तुटली नाही म्हणून कुणी येतही नाही.

डिसेंबरमध्येच केबलवाल्याला बोलावून मीटरवर प्रकाशाचा आकडा बघायला लावा आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. उणे 20 च्या आसपास असेल तर छान. उणे 27 च्या पुढं गेला, म्हणजे प्रकाश आणखी कमी झाला, की नेट तळ्यात-मळ्यात. यात्रा झाली की पुन्हा मोजायला लावा. उणे 19 चा उणे 26 झाला असेल, तर "लाइन ओके आहे" म्हणायला त्याला जागाच उरत नाही. शिडी लावून दुमड सोडवावीच लागते. तो वर चढला असताना खाली लोंबणाऱ्या फायबरच्या उघड्या टोकात डोकावून बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.