आधी पोच घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पोडालगतच्या (कोलाम आदिवासींच्या वस्तीलगतच्या) गायरानावर सौरऊर्जा प्रकल्प येणार, ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये मिळतील असे सरपंच सांगतात (तेही तीनच वर्षे, हे बहुधा सांगत नसतील), शहरातले कार्यकर्ते विरोध करा म्हणतात आणि तुझा सख्खा भाऊ त्याच प्रकल्पावर नोकरी मागतो आहे. तेव्हा कोणत्या बाजूला उभे राहावे, असे तू विचारतोस. तुझी घालमेल खरी आहे, पण चार पानी पत्रात तुमच्या वनहक्क दाव्यांविषयी एक ओळही नाही, याचा मला राग आला. दाव्याची पोच आहे का? नसेल तर बाजू नंतर ठरव, आधी पोच घे.

2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, 4 हेक्टरच्या मर्यादेत, नवरा-बायको दोघांच्या नावावर होते, आणि मोह, डिंक, चराईचे जंगल सामूहिक हक्काने गावाकडे येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये असा हक्क मिळाला होता, म्हणूनच पुढे बांबूसाठी त्यांना वनखात्याशी ताठ मानेने भांडता आले. तुमचे गायरान दप्तरी वनजमीन आहे की महसुली, हे तरी कोणी तपासले आहे का?

तुमचे किनवट आज नांदेडात असले तरी 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1940 मध्ये निजामाविरुद्ध उठाव करणारे गोंड नेते कोमरम भीम जोडेघाटला मारले गेले, ते याच जिल्ह्यात, आणि त्या उठावानंतरच निजाम सरकारने तिथल्या गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे द्यायला सुरुवात केली. भीमाचे बलिदान आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पट्ट्यांच्या नोंदी शोधायला मात्र आदिलाबादला कोणी जात नाही.

वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही नियमांनुसार पुरावा धरला जातो. एका म्हाताऱ्या कोलामाने मला काठीने सगळे दाखवले होते: हा बांध आज्याने घातला, ती चिंच बापाच्या लग्नाच्या वर्षी लावली, त्या दगडांखाली आमची माणसे पुरली आहेत. जबाब लिहून अंगठा घेण्याचे राहिले, कारण सगळ्यांना नांदेडच्या मोर्चाला जायची घाई होती, आणि पावसाळ्यात म्हातारा गेला. ती हळहळ आजही जात नाही. त्यानंतर मी मोर्चे सोडून कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या आणि सोबत्यांनी मला कागदी कार्यकर्ता ठरवले. ठरवोत. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि 28 तारखेला तो स्थगित केला, त्या पंधरवड्यात हेच सोबती माझ्याकडे धावत आले, कारण आपल्या लोकांचा दावा फेटाळला आहे की नुसता पडून आहे, हे त्यांना सांगता येत नव्हते. ज्यांच्याकडे पोच होती, त्यांना निदान विचारायला जागा होती.

ग्रामसभेच्या वनहक्क समितीने दाव्याची लेखी पोच देणे नियमातच आहे. दावा फेटाळला तर ते दावेदाराला कळवावे लागते आणि अपिलाला 60 दिवस मिळतात. पण दावा दिल्याचाच पुरावा नसेल, तर अपील कशाचे करणार? म्हणून पोडाची ग्रामसभा बोलाव, दाव्यांचा ठराव इतिवृत्तात लिही, सह्या-अंगठे तिथेच घे आणि एक प्रत घेऊन उपविभागीय कार्यालयात जा. साहेब बैठकीला गेलेत, असे सांगतील. शिक्का साहेबांकडे नसतोच, बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक नोंदवणाऱ्या, कारकुनाकडे असतो. आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर पडेपर्यंत तिथून हलू नकोस.

भावाशी भांडण काढू नकोस. घर चालवायचे त्याला आहे, मला किंवा शहरातल्या कार्यकर्त्यांना नाही. फक्त ग्रामसभेच्या दिवशी वहिनीला बरोबर आण. हजेरी निम्मी असली तरी त्यात एक तृतीयांश बायका नसतील तर कोरम भरत नाही, आणि ती सभा त्याच कारणाने बाद ठरवतील.